दम्याचे मूल, साथीचे दिवस आणि आपल्या शेतातला धूर





या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, बेणेमळा आणि खताच्या मात्रा याविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. शिवारफेरीला गेलो की कुणी ना कुणी सभासद बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, पोराला दमा आहे. कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर त्याला घरी सांभाळायचं कसं?" आम्ही डॉक्टर नाही. शेतकीची पदविका घेऊन उसाच्या कामात पडलेले माणूस आहोत. परंतु आमच्या घरी दम्याचे मूल आहे. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे आम्ही त्यातून गेलो आहोत, आणि त्यात आमच्या हातून चुकाही झाल्या आहेत. पुढे बालरोगतज्ज्ञांकडे बसून जे समजून घेतले, ते येथे मांडतो. या प्रश्नाचे एक टोक सरळ आपल्या उसाच्या फडात येऊन पोचते, म्हणून तो या पत्रिकेत यायलाच हवा.

आमच्या घरची हकीकत

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस बुलढाण्यात कोरोनाने पहिला मृत्यू झाला आणि सारा जिल्हा हादरला. शाळा बंद, आठवडी बाजार बंद, शेगावच्या मंदिराचे दरवाजे बंद. तालुक्याला औषध आणायला जायचे तरी मनात धाकधूक.

आमची धाकटी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला सकाळ-संध्याकाळ घ्यायचा एक पंप आणि धाप लागली तर घ्यायचा दुसरा निळा पंप, असे दोन पंप डॉक्टरांनी दिले होते. एप्रिलमध्ये मोबाईलवर एक मजकूर फिरत आला: 'पंपात स्टिरॉईड असते, त्याने अंगातली ताकद जाते, मग कोरोना लवकर धरतो.' घरात चर्चा झाली. मुलगी ठणठणीत दिसत होती. आम्ही रोजचा पंप बंद केला. तीन आठवडे काही झाले नाही, तेव्हा आपण शहाणपणा केला असेच वाटले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावालगतच्या एका फडात संध्याकाळी पाचट पेटविले गेले. वारा पडलेला होता. धूर वर गेला नाही, गावावरच बसून राहिला. रात्री अकराच्या सुमारास मुलगी उठून बसली. श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज, खांदे वर ओढलेले, धड बोलता येईना. निळा पंप काढला तर तो संपत आलेला. नुसता वायू निघे, औषध नाही. एका दवाखान्याने खोकल्याचा आवाज ऐकून दारातूनच परत पाठविले. दुसऱ्या ठिकाणी घेतले. पहाटे तिचा श्वास मोकळा झाला, तेव्हा कुठे आमचा झाला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "मुलगी बरी दिसत होती ती पंपामुळे. बरी दिसते म्हणून तुम्ही पंपच काढून घेतलात." आम्ही मान खाली घातली. पंधरा वर्षे सभासदांना सांगत आलो की बेणेप्रक्रिया रोग दिसण्याआधी करायची असते. घरात मात्र तेच विसरलो.

दमा म्हणजे नेमके काय होते?

ठिबकच्या नळीचे उदाहरण घ्या. नळीत आतून गाळ धरला आणि वरून कुणी ती चिमटीत दाबली, तर पाणी कसे येईल? दम्यात तसेच होते. फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांचे आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून शिट्टी वाजते.

सूज ही रोजची गोष्ट आहे. मूल हसत-खेळत असतानाही ती थोडीफार असते. तिच्यावर सर्दी, धूर, धूळ किंवा उग्र वास यांचा घाला पडला, की नळ्या आवळतात आणि झटका येतो.

दोन पंपांचे काम यावरून समजेल. रोजचा पंप सूज उतरवतो. त्याचा गुण हळूहळू येतो आणि बंद केल्यावर हळूहळूच जातो, म्हणून आपण फसतो. ही झाली बेणेप्रक्रिया. निळा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. ही झाली कीड दिसल्यावरची फवारणी. त्याने सूज जात नाही. निळा पंप आठवड्यात वारंवार लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात, म्हणून दोन्ही पंपांवर चिकटपट्टी लावून 'रोजचा' आणि 'धापेचा' असे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे.

स्टिरॉईडच्या भीतीबद्दल

या शब्दाने बरीच घरे घाबरली, त्यात आमचेही होते. रोजच्या पंपातले औषध फार थोड्या मात्रेत असते आणि ते थेट श्वासनळीत जाते. गोळ्या-इंजेक्शनातून सगळ्या अंगात जाणाऱ्या मोठ्या मात्रेशी त्याची बरोबरी करता येत नाही. घेतल्यावर चूळ भरून टाकली, की तोंडात फोड किंवा पांढरा थर येण्याचा त्रासही बहुधा टळतो.

साथीच्या आरंभी डॉक्टरांनाही काळजी होती, की दम्याच्या मुलांना कोरोना जड जाईल. पुढे अनुभव गोळा झाला. स्कॉटलंडमध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांच्या आरोग्य नोंदी तपासल्या गेल्या आणि २०२१ साली निष्कर्ष आला, की ज्यांना आधी दम्यासाठी रुग्णालयात ठेवावे लागले होते किंवा वारंवार पोटातून स्टिरॉईड द्यावे लागले होते, अशा मुलांना कोरोनात भरती होण्याचा धोका जास्त होता. म्हणजे ताब्यात नसलेला दमा हाच मुख्य धोका. ज्या औषधाला आपण भीत होतो, त्यातल्याच एका औषधाची २०२० मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठाने कोरोनाच्या सौम्य रुग्णांवर चाचणी घेतली, तेव्हा तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ कमी जणांवर आली. याचा अर्थ ज्याला दमा नाही त्यानेही पंप ओढावा, असा नाही. दम्याच्या मुलाचा पंप साथीच्या भीतीने बंद करू नये, एवढाच बोध घ्यावा.

टाळेबंदीत पुष्कळ देशांत मुलांचे दम्याचे झटके उलट कमी झाले होते. शाळा बंद, म्हणून एकमेकांची सर्दी लागली नाही. रस्त्यावर गाड्या नाहीत, म्हणून हवा स्वच्छ. आमची मुलगी पंपाशिवाय तीन आठवडे बरी राहिली, त्याचे कारणही बरेचसे हेच असावे. श्रेय आम्ही आमच्या शहाणपणाला दिले.

साथीच्या काळात घरी काय करावे?

१) रोजचा पंप एक दिवसही चुकवू नये. मुलाला ताप आला किंवा कोरोना झाला, तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो बंद करू नये.

२) दोन्ही पंपांचा एकेक जादा नग घरात असावा. पंपावर किती फवारे आहेत ते छापलेले असते. रोजच्या पंपाचे रोजचे फवारे गुणून तो कधी संपेल ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. निळ्या पंपाचे जेवढे फवारे वापराल, तेवढ्या रेघा त्याच्या खोक्यावर माराव्यात. पाण्यात तरंगवून पाहण्याची पद्धत खरी नाही.

३) पंप स्पेसरमधूनच द्यावा. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी. पंप हलवावा, एक फवारा सोडावा, मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्यावेत, मगच दुसरा फवारा. लहान मुलाला मुखवट्याचा स्पेसर लागतो. अडचणीत स्पेसर नसेल तर काय करावे, याचेही उत्तर आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून तिचा स्पेसर केला, भोवतीची फट बंद केली आणि १९९९ साली दाखवून दिले की तो विकतच्या स्पेसरइतकेच काम देतो. आपल्या डॉक्टरांना दाखवून अशी एक बाटली करून ठेवायला हरकत नाही. बाटली पाण्याचीच असावी, औषधाची किंवा कीटकनाशकाची कधीच नको.

४) वाफेचे यंत्र, म्हणजे नेब्युलायझर, साथीत घरी शक्यतो टाळावे. मूल बाधित असेल तर त्यातून विषाणू हवेत पसरू शकतो. स्पेसरमधून दिलेला पंप बहुतेक वेळा तेवढेच काम करतो.

५) घरात कुणाला ताप-खोकला आला, तर त्याची झोपण्याची जागा वेगळी करावी, खिडक्या-दारे उघडी ठेवावीत आणि त्याने तोंडाला मास्क लावावा. एकच खोली असेल तर मुलाची खाट खिडकीजवळ आणि आजारी माणसाची लांब. मुलाची देखभाल एकाच निरोगी माणसाकडे असावी.

६) पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती करू नये. मोठ्या मुलाने मास्क लावलेला असेल आणि धाप लागली, तर तो आधी काढावा.

७) लस चुकवू नये. आपल्या देशात १५ ते १८ वर्षांच्या मुलांना कोरोनाची लस ३ जानेवारी २०२२ पासून आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून दिली गेली. दम्याच्या मुलाला दरवर्षी फ्लूची लस द्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

काय करू नये?

त्या काळात चांगल्या हेतूने आपण पुष्कळ गोष्टी केल्या. घरोघरी कापूर, ऊद, कडुनिंबाचा पाला यांची धुरी झाली. धुराने विषाणू मेला नाही, दम्याच्या मुलांची छाती मात्र भरली. उदबत्ती आणि डासांची कॉईल यांचाही धूरच. ज्या घरात दमा आहे तिथे मच्छरदाणी बरी.

राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांनी तेव्हा हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर बनविले. ते काम चांगले झाले. परंतु गावोगावी फवारणी यंत्रांतून सोडियम हायपोक्लोराईटही मारले गेले. माणसांच्या अंगावर असे औषध फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच कळविले होते. क्लोरीनच्या उग्र वासाने दमा उसळतो. फरशी पुसायची तर मूल बाहेर असताना, साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लिचिंग आणि संडासाचे ॲसिड एकत्र तर कधीच करू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

उकळत्या पाण्याची वाफ लहान मुलांना देऊ नये. तिने दमा उतरत नाही, आणि भांडे कलंडून मुले भाजतात.

कोजागिरीला खिरीतून दम्याचे औषध घ्यायला आपल्याकडची माणसे जातात, मृगाच्या सुमारास हैदराबादला माशातून औषध घ्यायलाही जातात. श्रद्धेविषयी आम्ही बोलत नाही. पण २०२० साली साथीमुळे हैदराबादचा तो कार्यक्रमही झाला नव्हता. अशा औषधाच्या भरवशावर पंप बंद केलेल्या मुलाचे गर्दीच्या, साथीच्या दिवसांत हाल होतात. जायचे त्यांनी जावे, पंप खिशात असावा आणि चालू असावा.

आता आपल्या शेताकडे

बाहेरच्या साथीवर आपला ताबा नाही, धुरावर आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात वर्षाचे चक्र पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी आणि तिची धूळ. थंडीत पऱ्हाटी जाळणे. गाळप सुरू झाले की पाचट पेटविणे. उन्हाळ्यात धुरे पेटविणे. दम्याच्या मुलाला मोकळा महिना कोणता?

सोयाबीनच्या धुळीला हलके समजू नये. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठराविक दिवशी एकदम दम्याचे पुष्कळ रुग्ण दवाखान्यात येत. कारण कळेना. शेवटी उलगडा झाला, की बंदरावर सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ वाऱ्याने शहरात येत होती. कोठारांना गाळण्या बसविल्या आणि ती आपत्ती थांबली. आपली मळणी तर दारापुढे चालते. निदान यंत्र गावाच्या वाऱ्याखाली लावावे आणि दम्याच्या मुलाला त्या दिवशी घरात ठेवावे.

पाचटाची गोष्ट आम्ही नेहमी सांगतो, ती आज वेगळ्या कारणाने सांगतो. एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघते. काडी लावली की त्यातला सेंद्रिय माल आणि बहुतेक सगळे नत्र हवेत जाते. ठेवायचे असेल तर पाचटाची कुट्टी करावी, बुडखे जमिनीलगत छाटावेत, आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. आच्छादनाने पाणी वाचते, तण दबते, जमीन भुसभुशीत होते. कुट्टी यंत्र मिळत नसेल, तर एक सरी आड पाचट दाबून ठेवले तरी चालते.

आमच्या गावालगत ज्यांनी त्या रात्री पाचट पेटविले, त्या सभासदांनी आठवडाभर आधी आम्हाला विचारले होते, "साहेब, पाचटाचं काय करू?" टाळेबंदीत यंत्र मिळणे कठीण होते. आम्ही "बघू" म्हणालो आणि विसरलो. नंतर त्यांना मुलीची हकीकत कळली, तेव्हा ते घरी आले, ओसरीत बसले आणि म्हणाले, "मले कोनी सांगतलं असतं तं काडी लावलीच नसती." सांगण्याचे काम आमचे होते. तेव्हापासून त्यांच्या फडात काडी लागलेली नाही, आणि आम्हीही पाचटाच्या प्रश्नावर "बघू" हा शब्द सोडला आहे.

एक गोष्ट ऊसतोड टोळ्यांची. आपल्या जिल्ह्यातूनही कितीतरी कुटुंबे तोडीला बाहेर जातात. २०२० च्या टाळेबंदीत असे हजारो मजूर लेकराबाळांसह परमुलखातल्या कारखान्यांच्या आवारात अडकून पडले होते आणि एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर घरी परतले. कोपीतली चूल, शेजारचा पेटता फड आणि दवाखाना लांब, अशा ठिकाणी दम्याच्या मुलाचे काय होत असेल याचा विचार करावा. मुकादमांनी टोळी उतरतानाच विचारून घ्यावे, की कुणाच्या मुलाला दमा आहे का, पंप बरोबर आहे का.

धाप लागली तर

मुलाला आडवे करू नये, बसते ठेवावे. कपडे सैल करावेत, गर्दी हटवावी, स्वतः घाबरू नये. निळा पंप स्पेसरमधून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, एकेक फवारा करून द्यावा. ही मात्रा प्रत्येक मुलाची डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावी आणि कागद दाराच्या मागे चिकटवावा.

पुढील चिन्हे दिसली तर थांबू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे, वाटेतही पंप चालू ठेवावा: एक वाक्य सलग बोलता न येणे, बरगड्यांमधील व गळ्याखालची जागा आत ओढली जाणे, नाकपुड्या फुलणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, मूल सुस्त पडणे, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९४ च्या खाली दिसणे, किंवा निळ्या पंपानेही आराम न पडणे. शिट्टीचा आवाज एकाएकी थांबला आणि मूल थकलेले दिसले, तर ते बरे झाले असे समजू नये. हवा जाणेच थांबत आल्याचे ते लक्षण असू शकते. साथीच्या भीतीने दवाखाना टाळू नये.

सभासदांना विनंती

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, दम्याचे मूल मात्र घरात आहे आणि पुढची साथ सांगून येणार नाही. म्हणून आत्ताच दोन कामे करावीत. ज्यांच्या घरी दम्याचे मूल आहे त्यांनी पंप, स्पेसर आणि डॉक्टरांचा कागद आज तपासून घ्यावा, आणि शेजारच्या शेतकऱ्यांना न लाजता सांगून ठेवावे. आणि ज्यांची तोड झाली आहे त्यांनी काडी लावण्याआधी आपल्या गटकार्यालयात यावे. यंत्राची, जिवाणूंची किंवा सरी आड दाबण्याची, काही ना काही वाट आम्ही काढून देऊ.

आमची मुलगी आता आमच्या खांद्याला लागली आहे. सकाळी दात घासले की पंप, मग चूळ, मग चहा. मोबाईलवर काहीही येवो, तो क्रम आमच्या घरात आता कुणी मोडत नाही.



आपले,
ऊस विकास अधिकारी